चौदा नंबरवर गौरेश

सेजलच्या हाताखालून गेलेला सीबी सेट, म्हणजे गाडीत किंवा घरी बसवायचा छोटा वायरलेस, लगेच ओळखू येतो, असं वाळपईचा स्वप्नील म्हणायचा. आवाज कोरडा आणि स्वच्छ, मागची खरखर अशी दबलेली की बोलणारा माणूस समोरच्या बाकावर बसलाय असं वाटावं. स्वप्नीलचं वाळपईच्या बाजारात पाण्याच्या पंपांचं दुकान होतं, पण जीव सगळा वायरलेसवर. घरामागच्या टेकडीवर त्याने उंच अँटेना उभारली होती. कुठून कुठून जुने सेट मिळवायचे आणि ते घेऊन कारापूरला सेजलकडे यायचं, हा त्याचा रविवारचा उद्योग.

सेजल माहेरची तुयेची. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती तयार झालेले सेट तपासायची. लग्न होऊन कारापूरला आली तेव्हा नोकरी सुटली, हात मात्र सुटला नाही. पडवीला लागून एक अरुंद खोली होती, पूर्वी तिथे नारळ साठवत. त्या खोलीत तिने बाक टाकला, मीटर मांडले, भिंतीला फळ्या ठोकल्या. हळूहळू लोक यायला लागले. जीप घेऊन रानोमाळ भटकणारी पोरं, केरीचे होडीवाले, डिचोलीतले एक निवृत्त बँकवाले. कोणाची चॅनेलं सरकलेली असत, कोणाचा माइक दबका, कोणाच्या सेटला जवळचंसुद्धा ऐकू येत नसे. ताकद वाढवून दे म्हणणाऱ्यांना ती उभ्या उभ्या परत पाठवी.

"कायद्यात बसता तितकाच करतलंय," ती म्हणे.

काम नाजूक होतं. झाकण उघडलं की आत शेंगदाण्याएवढी कॉइलं. त्यांच्या पोटातला खडा प्लास्टिकच्या पेचकसाने किंचित फिरवायचा, काट्याकडे बघायचं, पुन्हा किंचित फिरवायचा. बोलून बघायची वेळ आली की अँटेनाच्या जागी ती डमी लोड लावी. म्हणजे तेलाच्या डब्यात बुडवलेला एक जाडजूड रेझिस्टर. सेट त्यात बोलतो, बोलण्याची ऊब होते आणि डब्यातच विरून जाते. बाहेर कोणाला काही ऐकू जात नाही, आणि बाहेरचंही काही आत येत नाही. सेजलला तो डबा आवडायचा. त्यात काहीही बोललं तरी चालायचं.

तिचा नवरा गौरेश वीज खात्यात लाइनमन होता. अंगाने थोराड, हसरा, घरात वावरताना दोन वस्तू पाडल्याशिवाय राहायचा नाही. संध्याकाळी आला की सरळ तिच्या खोलीत घुसून खांद्यावरून वाकायचा आणि हाताला येईल ती कळ फिरवायचा. "हात काड रे," ती ओरडायची. त्याच्या जुन्या जीपमधला सेट तिनेच बसवला होता. त्या सेटचा रिले, म्हणजे ऐकण्यावरून बोलण्यावर नेणारा आतला खटका, झिजलेला होता. बोलायची कळ दाबली की आधी एक बारीक शिटी वर चढत जायची आणि मग आवाज यायचा. तिने कितीदा बदलते म्हटलं, पण तो बदलू देईना. "ती माझी सही आसा," म्हणायचा.

ऑगस्टमधल्या एका रविवारी जीपवाली मंडळी साखळीपलीकडच्या एका बंद खाणीवर गेली. खोदून खोदून डोंगराची वाटी झालेली, तिच्या तळाला हिरवं पाणी, आणि पाण्यापर्यंत गोल गोल उतरत जाणारा लाल रस्ता. पाऊस होता, धुकं होतं. गौरेशची जीप सगळ्यांत मागे. एका वळणावर ती दिसेनाशी झाली. पुढच्यांनी सेटवर हाक मारली तेव्हा शिटी वाजली आणि तो म्हणाला, "फुडे जावा, येतंय मी." त्यानंतर काही नाही. पोरांनी हाका मारल्या, पायी उतरून बघितलं. दिवस कलला आणि कोणाला फोन करावा याचा विचार चालू असतानाच तो आपसूक वर आला. जीप टपापर्यंत चिखलाने लाल, सेटचा माइक मुळासकट उपटलेला.

"घसरलंय थोडो," तो म्हणाला. "कायएक झाला नाय."

मंडळी हसली, चहा झाला, सगळे घरी गेले.

त्या दिवसानंतर गौरेश जीप घेऊन भटकायला गेला नाही. एवढंच नाही, तो सेजलच्या खोलीतही आला नाही. उंबरठ्याशी पाट टाकून बसायचा, बोलायचा, हसायचा. बाकी सगळं होतं तसंच. सकाळी उंडो पाव चहात बुडवून खायचा तसाच खायचा, मनगटावरचा भाजल्याचा डाग होता तिथेच होता. फक्त त्याच्या हातून आता काही पडत नव्हतं. सेजलला वाटलं, भिऊन शहाणा झाला असेल. आणि ऑक्टोबर सरता सरता तिला दिवस राहिले. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. म्हापशाच्या डॉक्टरांचे जिने चढून दोघं थकली होती. मग बाकी कशाचा विचार कोण करणार?

डिसेंबरातली दुपार होती. घरात माशांच्या हुमणाचा वास अजून रेंगाळत होता. सासू आत पडली होती, गौरेश माजघरातल्या बाजेवर झोपला होता. सेजलच्या बाकावर स्वप्नीलचा नवीन सेट होता, मागे डमी लोड जोडलेला. एकेक चॅनेल घेऊन ती कळ दाबत होती, दोन शब्द बोलत होती, काटा बघून पुढे जात होती. चौदा नंबरवर आली.

"हॅलो, हॅलो, चौदा," ती म्हणाली आणि कळ सोडली.

एक बारीक शिटी वर चढत गेली.

"सेजल? सेजलच मगो?"

तिचा हात कळीवर तसाच राहिला. मागे बघितलं. दारातून बाज दिसत होती, बाजेवर गौरेशचे पाय, छातीवर उघडं वर्तमानपत्र श्वासाबरोबर हलत होतं.

"आयकाक येता काय गो?" सेटमधून आवाज आला. "मी हंय खाणीर आसंय. गाडी वर येयना. कोणाक तरी धाड मरे."

सिग्नलचा काटा उजव्या टोकाला चिकटला होता. म्हणजे बोलणारा शेजारच्या खोलीत असावा, तसा. आणि सेटला अँटेनाच नव्हती.

तिने बटण बंद केलं. नंतर बराच वेळ ती डब्यातल्या तेलाकडे बघत बसली.

सेजल काही घाबरट नव्हती. कारखान्यात बिघाड शोधायची एक रीत शिकवलेली असते, एकेक शक्यता काढून टाकायची. आधी तिने फळीवरचा गौरेशचा सेट खाली काढला. जीपमधून उतरवल्यापासून तो तसाच पडला होता. माइकची वायर तुटलेली, वीज नाही, आत कोळ्याने जाळं विणलेलं. झिजलेला रिले जागेवर होता. तिने तो बोटाने चाचपला आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा सेट डमी लोडला जोडला. चौदा नंबरवर तीच शिटी, तोच आवाज. अंगणाच्या टोकाला दुसरा सेट लावून बघितलं, तिथे नुसती खरखर. डब्यातून काही बाहेर जात नव्हतं. शेवटी तिने वाळपईला फोन लावला.

"स्वप्नील, चौदार कोण बोलता काय बघ."

"कोण नाय, ताई," थोड्या वेळाने तो म्हणाला. "सामसूम. कित्याक?"

"असाच."

पोरांची थट्टा असेल, जुना आवाज टेप करून वाजवत असतील, असंही तिला वाटलं. पण टेपला प्रश्न विचारला तर टेप उत्तर देत नाही. हा देत होता. रोज दुपारी ती दार ओढून घ्यायची, आवाज बारीक करायची आणि कळ दाबायची.

"थंय आता काय दिसता तुका?"

"धुकां. पाणी. सांज होयना गो अजून. मघाशी आयलंय तसोच उजवाड आसा." मध्येच तो हसायचा, गौरेश हसायचा तसा, नाकातून. "तू रागावलंस काय? येतंय मी. गाडी निघाली की येतंय."

एकदा तिने त्याला विचारलं, "तुयेच्या स्टँडार तू माका पयल्यांदा काय म्हटलंस?" स्टँडवर त्या वेळी आसपास कोणी नव्हतं. ती गोष्ट तिने आईलाही सांगितली नव्हती.

"तुझ्या डब्यात काय आसा, असा विचारलंय," सेट म्हणाला. "मगे तू डबो उघडून दाखयलंस. शिरवाळ्यो होत्यो, नारळाच्या रसातल्यो." पाठोपाठ त्याने विचारलं, "असा कित्याक विचारतंस गो? माका वळखना काय तू?"

आणि तो रडायला लागला. गौरेशला रडताना तिने कधीच ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी उंबरठ्याशी पाटावर बसलेल्या गौरेशला तिने तेच विचारलं, सहज आठवल्यासारखं.

"डब्यात काय आसा म्हणून," तो लगेच म्हणाला. "शिरवाळ्यो." आणि छान हसला.

तिने हातातला पेचकस खाली ठेवला.

सासूला, कमलाक्षीला, सेजल मांय म्हणायची. मांय कमी बोलणारी. ती परसात अळसांद्यांच्या शेंगा सोलत बसली होती, सेजल शेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघी सोलत राहिल्या. सेजलने काही विचारलं नव्हतं.

"तू दुपारची दार लावन बोलतंस," मांय म्हणाली, "ता माका म्हायत आसा गो."

"मांय, तुमी अलीकडे त्याका बाबू म्हणून हाक मारणास नाय."

मांयचे हात थांबले नाहीत. "तुझ्या ध्यानात आयला तर."

"कधीपसून?"

"ऑगस्टापसून. दारात उभो रवलो, आये पाणी दी म्हटल्यान. माझ्याच झिलाचा तोंड, माझ्याच झिलाचो आवाज. पण माझ्या तोंडातसून बाबू भायर पडना." तिने टरफलं सुपात झटकली. "मी कोणाक सांगूक नाय. काय सांगतलंय? तो कामाक जाता, पगार हाडता, तुका जीव लायता. पोटार आसंस तू. एक झील घरात आसा, तेका मी वाडतंय. दुसऱ्याक हाडलंस तर ह्याचा काय करतलंस?"

"आणि तो थंय थंडीत रवात?"

मांय उठली. सूप कमरेला लावून आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "माका विचारू नको गो."

जानेवारी उजाडला. सेजल खाईनाशी झाली. आलेले सेट तसेच पडून राहू लागले. डिचोलीचे बँकवाले दोनदा येऊन हात हलवत गेले. एका दुपारी तिने ठरवलं की त्याला सांगून टाकायचं. माणसाला कळायला हवं, मग तो कुठेही असो.

"गौरेश, आयक. तू मघाशी आयलंस असा म्हणतंस ना? तसा नाय. जानेवारी लागलो."

खरखर.

"थट्टा करतंस."

"नाय."

"मगे..." तो अडखळला. "मगे तुमी माका सोदूक कशी येवक नाय? घराक कोण कोण आसा?"

"मांय आसा. मी आसंय."

"आनी?"

तिने कळ दाबली. सोडली, पुन्हा दाबली. शेवटी ती म्हणाली, "आनी तू आसंस."

 पलीकडे त्याने कळ दाबून धरली होती. काटा उजव्या टोकाला होता आणि आवाजात पाणी ठिबकत होतं. एकेक थेंब, लांब कुठेतरी पोकळीत पडल्यासारखा.

"माका दिवस गेलेत," ती म्हणाली. "तिसरो म्हयनो."

थेंब पडत राहिले. मग तो अगदी हलक्या आवाजात, जणू तिला दुखू नये म्हणून, म्हणाला, "कोणाचा गो?"

सेजलने सेट बंद केला. कपाळ बाकाच्या कडेला टेकवलं. किती वेळ गेला कळलं नाही. मान वर केली तेव्हा दार उघडं होतं आणि गौरेश उंबरठ्यात उभा होता. कामाचा खाकी शर्ट, हातात हेल्मेट. एक पाय खोलीच्या आत होता.

"फाल्यां सकाळी न्हेतंय तुका थंय," तो म्हणाला.

"खंय?"

"तो बोलता थंय."

तिला वाटलं ती ओरडेल, पण आवाज साधाच निघाला. "तुका आयकाक येता?"

"पयल्या दिसापसून."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"तुका त्याच्याकडे बोलून बरा वाटत आसतला, म्हणून." त्याने हेल्मेट खुंटीला अडकवलं. त्याच्या तोंडावर ना राग होता ना भीती. "असा तू जेवणास नाय, निजणास नाय. पोटातल्याक बरा नाय ता. एकदा जावन ये. मगे सगळा बरा जातला."

ती त्याच्याबरोबर का गेली? नंतर तिने स्वतःला हे विचारायला हवं होतं, पण तिने ते कधी विचारलं नाही. त्या वेळी तिच्या मनात एकच होतं. खाली कोणीतरी थंडीत उभं आहे, त्याला हाताने शिवून बघायचं.

सकाळी दोघं निघाली. मांय पडवीत आली नाही. साखळीपर्यंत ऊन होतं. पुढे चढण लागली आणि दोन्ही बाजूंना धुकं साचलेलं दिसलं. बंद खाणीच्या फाटकाला कुलूप होतं, पण शेजारचं कुंपण केव्हाचंच पडलं होतं. गौरेशने जीप वाटीच्या काठावर नेली आणि ब्रेक लावला. चाक काठापासून हातभर. एवढ्या सराईतपणे त्याने पूर्वी कधी गाडी लावली नव्हती.

"मी हंयसरच थांबतंय," तो म्हणाला. "माका खाल येवक जमाचा नाय."

तिने हातातला छोटा सेट चौदावर लावला आणि उतरू लागली.

रस्ता लाल होता आणि कडक वाळला होता. पावसाळ्यातले ओघळ तसेच दगडासारखे राहिले होते. खनिज वाहून नेणारा एक गंजलेला पट्टा डोंगरातून बाहेर लोंबत होता. पाखरांचा आवाज नव्हता. पहिल्या वळणानंतर वर बघितलं तर जीप दिसली. दुसऱ्यानंतर तिचे दिवे दिसले. तिसऱ्यानंतर धुकंच.

शिटी वाजली.

"पावलां वाजतत," आवाज म्हणाला. "तू काय गो?"

"मी. खंय आसंस?"

"पाण्याकडेक. पिवळां पीप आसा बघ, थंय."

आणखी खाली गेल्यावर तिला पाणी दिसलं. हिरवं, दाट, काठाला एक लाट नाही. काठावर डिझेलचं पिवळं पीप आडवं पडलं होतं. तिथे कोणी नव्हतं.

पिपाजवळच्या चिखलात चाकांचे ठसे होते. चिखल वाळून गेला होता, ठसे राहिले होते. जीपचे. दोन समांतर रेघा रस्त्यावरून आल्या होत्या आणि सरळ पाण्यात उतरल्या होत्या. बाहेर आलेल्या रेघा तिने दोन्ही बाजूंना शोधल्या.

नव्हत्या.

"गौरेश," ती म्हणाली. सेटमध्ये नाही, तशीच, तोंडाने.

धुकं पाण्यावरून तिच्या अंगावर आलं. हात दिसेनासा झाला. पायाखाली काय आहे ते कळेना. थंडी कपड्यांतून आत शिरली, आणि पोटाखाली कुठेतरी काहीतरी ओढल्यासारखं झालं. दुखलं नाही. कोणी पदर ओढून सोडावा तसं.

सेटमधला आवाज एकदम हसला. मोकळा, नाकातून.

"आयलंस गो!" तो म्हणाला. "दी, हात दी. सांभाळून."

सेजलने हात पुढे केला नव्हता.

ती जागची हलली नव्हती.

कळ सुटल्याचा टक असा आवाज झाला. काटा खाली आला. नुसती खरखर उरली, साधी, कुठल्याही रिकाम्या चॅनेलवर असते तशी.

ती हाका मारत राहिली. मग धुकं विरळ झालं, पीप दिसलं, रस्ता दिसला, आणि ती वर चढू लागली. चढताना तिला मुळीच दम लागला नाही.

गौरेशने गाडी आधीच सुरू करून ठेवली होती.

"झाला?"

"थंय कोण नाय."

"बरा," तो म्हणाला आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडलं.

साखळीत त्यांनी पाववाल्या पदेराकडून गरम उंडे घेतले. सेजलने गाडीतच दोन खाल्ले. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. घरी आली आणि दुपारभर गाढ झोपली. उठली तेव्हा डोकं स्वच्छ होतं, उलट्या थांबल्या होत्या, आणि गेला महिनाभर आपण कशासाठी एवढं रडलो ते आठवूनसुद्धा रडू येत नव्हतं. तिने चौदा नंबर लावून बघितला. खरखर. एकदा, दोनदा, आठवडाभर. मग तिने बघणं सोडून दिलं.

मांयने त्या दिवशी दारातच दोघांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं होतं. मग ती बाजूला सरली आणि वाट दिली. रात्री तिने दोघांची ताटं वाढली, आपलं ताट घेऊन परसाच्या पायरीवर जाऊन बसली. "सेजल, मीठ होया काय?" तिने तिथूनच विचारलं. तिच्या बोलण्यातला "गो" गेला होता. सेजलच्या ते लक्षात आलं, पण मनाला लागलं नाही.

काम पुन्हा सुरू झालं. बँकवाल्यांचा सेट झाला, केरीच्या होड्यांचे झाले. तिचा हात पूर्वीपेक्षा स्थिर झाला होता. खडा एकदाच फिरवायचा आणि काटा नेमका जागेवर यायचा. गौरेश आता खोलीत येऊ लागला होता. बाकाच्या टोकाला बसायचा, कशाला हात लावायचा नाही. दोघं फारशी बोलत नसत. बोलण्यासारखं काही उरलंय असं वाटत नसे. पोट दिसू लागलं होतं, डॉक्टरांनी सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी स्वप्नीलचा फोन आला. सेजल एका माइकची वायर सोल्डरने जोडत होती. तिने फोन बाकावरच ठेवला आणि आवाज मोठा केला. गौरेश शेजारी बसला होता.

"ताई, तुमी लायल्यात तो सेट एकदम झक्कास चलता," स्वप्नील उत्साहात होता. "काल सांजवेळार तुमचा दोगांचा बोलणा आयकलंय. चौदार. वाळपयसून इतक्या स्वच्छ! गौरेशदादाची ती शिटी पण आयकूक आयली. माका वाटला, जुनो सेट दुरुस्त केल्यात."

आदल्या संध्याकाळी दोघं म्हापशाला डॉक्टरकडे गेली होती. फळीवरच्या सेटला माइक अजून नव्हता.

सेजलने जोड पुरा केला, धूर फुंकून उडवला. "काय बोलत होतो आमी?"

"म्हणजे... मी चोरून आयकूक नाय हां. सहज लागला." तो लाजल्यासारखा झाला. "भुरग्याचा नांव काय दवरूचा, ताच. गौरेशदादा एकेक सांगी आनी तुमी हसून नको म्हणी. माका बरा वाटला. तुमका दिवस गेल्याचा माका म्हायतच नाय होता."

"मगे? खंयचा ठरला?"

"ता कळाक नाय. मागसून पाण्याचो आवाज येवक लागलो. वाडत वाडत इतको मोठो झालो की तुमचा बोलणाच बुडला. न्हाणीचो नळ उघडो रवललो काय, ताई?"

गौरेशने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"हां," सेजल म्हणाली. "आता बंद केलंय."